औषधाने उपास मोडत नाही

श्रीनिवास उकिडवे हा माणूस माझ्या डोक्यात जातो, हे आधीच सांगून टाकते. ब्रिस्टलमधल्या बाकी सगळ्या मराठी मंडळींचा तो देवमाणूस आहे. कुणाचा बॉयलर बंद पडला, कुणाला एअरपोर्टवरून आणायचंय, कुणाच्या सायकलची चेन निसटली, की श्रीनिवास हजर. बोलणार कमी, करणार जास्त. पण स्वतःचं काही दुखत-खुपत असलं की तोंडाला कुलूप. भावना म्हणजे त्याची बायको आणि माझी जुनी मैत्रीण. ती म्हणते, ह्याला ताप आलाय हे मला थर्मामीटर जागेवर नसला की कळतं.

सांगलीचा मुलगा, इंजिनियर. फिल्टनला विमानांच्या पंखांवर काम करतो. पंख किती वाकवला की तुटेल, हे शोधून काढायचं हे त्याचं पोटापाण्याचं काम. पन्नाशी ओलांडली आणि इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या नर्सने त्याला साखर निघाल्याचं सांगितलं. दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड पाडून बसला असता. ह्याने त्याच आठवड्यात कुणाची तरी जुनी सायकल विकत घेतली, खोलली, पुसली, जोडली आणि रविवारी आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "मालविका, तुझा खांदा आखडलाय ना, घरी बसून तो सुटणार नाही." असं एकेकाला ओढत त्याने आमचा ग्रुप जमवला. व्हॉट्सअॅपवर नाव 'गुडघे मंडळ'.

ह्या मंडळाची पहिले दोन मैल नेहमी आजारांच्या बातम्यांत जातात. गंधारचा उजवा गुडघा, त्याची फिजिओ, फिजिओने दिलेले आणि त्याने न केलेले व्यायाम. माझा खांदा, शिवाय भर थंडीत रेनकोटाच्या आत अंगाची होणारी भट्टी. श्रीनिवासची बोटं बधिर होतात, ती तो हँडलवरून एकेक उचलून झटकत असतो. गादी शिवलेल्या त्या चड्ड्या घालून आम्ही चालायला लागलो की रस्त्यावरचे लोक बाजूला होतात. पण चढ संपला की वर उभं राहून जो श्वास भरतो ना, त्यासाठी मी आठवडाभर थांबते.

गेल्या दिवाळीत त्याच्या आईला, विमलाबाईंना, सांगलीत पक्षाघाताचा झटका आला. ह्याला तिकीट मिळून तो तिथे पोचेपर्यंत त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. धाकटी बहीण आश्लेषा त्यांच्याजवळ राहते, सगळं तीच करते. श्रीनिवास परत आला तो अर्धाच परत आला. सायकल चालवायचा, पण मान खाली घालून. साखर पुन्हा चढली, म्हणून जूनच्या सुरुवातीला नर्सने जुनी गोळी बदलून जास्त जोराची दिली. हे सगळं आम्हाला भावनाकडून कळलं, हे वेगळं सांगायला नको.

तर त्या रविवारी आम्ही तिघंच होतो, श्रीनिवास, गंधार आणि मी. भावना वेम्बलीला बहिणीकडे गेली होती. ठरलं होतं ते असं: च्यू व्हॅलीच्या तळ्याकाठी कॅफेत थांबायचं, मग बरिंग्टन कोंबचा लांब चढ चढून मेंडिपच्या पठारावर जायचं आणि चेडरच्या घळीतून खाली उतरायचं.

कॅफेत मी स्कोन घेतला, क्रीम आणि जॅमसकट. गंधारने अंडी-टोस्ट. श्रीनिवासने बिनदुधाचा चहा.

"सोळा-आठ का?" गंधारने विचारलं. हल्ली आमच्यात निम्मे लोक सोळा तास उपाशी राहून आठ तासांत खातात आणि मोबाइलवर त्याची टिकमार्क करतात.

"तसंच समज," श्रीनिवास म्हणाला. जर्सीच्या खिशातून डबी काढून त्याने एक छोटी पांढरी गोळी चहाबरोबर गिळली. मी विचारणार होते की रिकाम्या पोटी कशाला, तेवढ्यात गंधारने त्याच्या फिजिओचं नवीन काहीतरी सुरू केलं आणि ते राहून गेलं.

चढावर श्रीनिवास नेहमी शेवटी असतो. त्याला दम लागतो म्हणून नाही, कुणी मागे पडू नये म्हणून. त्या दिवशी तो पुढे निघाला. आम्ही हाका मारल्या, त्याने वळून पाहिलं नाही. पठारावर वारा होता, माझ्या अंगावर काटा येत होता, आणि मी त्याच्या जवळ पोचले तेव्हा त्याच्या कानामागून घामाच्या धारा चालल्या होत्या. सायकल पांढऱ्या रेषेच्या आत-बाहेर होत होती.

"श्रीनिवास, थांब जरा."

"मला कळतं कधी थांबायचं ते."

मागून गंधार धापा टाकत आला आणि त्याने गिअर चुकीचा टाकला, खडखड आवाज झाला. त्यावर श्रीनिवास जो ओरडला त्याच्यावर. किती वेळा सांगायचं, अक्कल आहे का, पुन्हा येऊ नकोस. गंधारचं तोंड एवढंसं झालं. श्रीनिवासला मोठ्याने बोलताना आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं.

गंधारला वाटलं तो चिडलाय. मला मात्र आमचे दादासाहेब आठवले. माझे सासरे, शेवटची वर्षं आमच्याकडे होते. एरवी गाईसारखे गरीब, पण साखर उतरली की आधी घाम फुटायचा आणि मग अशा शिव्या द्यायचे की मी मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवायचे. आणि समोर शंभर पावलांवर घळीचा उतार सुरू होत होता. एका बाजूला उभा कडा, वळणावर वळण, वर चढणाऱ्या मोटारी आणि मध्ये कधी रस्त्यावर येऊन उभ्या राहणाऱ्या शेळ्या. शुद्धीतला माणूसही तिथे दोन्ही ब्रेक दाबून उतरतो.

श्रीनिवासने पाय पेडलवर ठेवला. मी माझी सायकल तशीच गवतात टाकली आणि त्याचं हँडल धरलं.

"सोड."

"नाही सोडत."

"मालविका, हात काढ." डोळे माझ्याकडे होते, पण बघत माझ्या पलीकडे होते.

"काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही."

"काल?"

"काल रात्री जेवलो. आज संकष्टी आहे." हे तो असं म्हणाला, की जणू मी मूर्खासारखा प्रश्न विचारला होता.

"आणि गोळी? ती नवीन गोळी घेतलीस ना मगाशी?"

"औषधाने उपास मोडत नाही," श्रीनिवास म्हणाला.

घ्या. हे मीही लहानपणापासून ऐकलंय. पाणी चालतं, औषध चालतं. आमच्या अख्ख्या आळीत प्रत्येक आजारी माणूस ह्याच नियमावर उपास निभावून न्यायचा. फक्त त्यांच्यापैकी कुणी साखर उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी घेऊन डोंगर चढायला निघत नव्हतं. पंख कुठे तुटेल हे जगाला सांगणारा माणूस, आणि हा एवढा हिशेब त्याला जमला नाही. मला इतका राग आला की रडू यायला लागलं.

गंधारला म्हटलं, तुझ्या बाटलीत ते गोड पाणी असतं ना, दे. तो म्हणाला, मालविकाताई, चढावर संपवलं. माझ्याकडे होता ओटचा एक कडक बार, तो मोडून मी श्रीनिवासच्या तोंडापाशी नेला. त्याने मान फिरवली. दुसऱ्यांदा नेला तर त्याने हात असा झटकला की बार रस्त्यापलीकडे गेला. मग त्याचे पाय थरथरायला लागले आणि आम्ही दोघांनी धरून त्याला दगडी कुंपणाला टेकवून बसवलं. फोनला एक काडीही नव्हती.

तिथे गाडी लावून एक बाई कुत्र्याला फिरवत होती, आमच्याच वयाची. नाव सारा, हे नंतर कळलं. तिने एकदा श्रीनिवासकडे पाहिलं, फार प्रश्न विचारले नाहीत, गाडीतून जेली बेबीजची, म्हणजे मऊ गोड बाहुल्यांची, पिशवी आणून माझ्या हातात दिली. मग कुत्र्याला गाडीत घालून, जिथे सिग्नल मिळतो तिथून ॲम्ब्युलन्सला फोन करते म्हणाली आणि गेली.

मी एक लाल बाहुली काढली. "तोंड उघड."

श्रीनिवासने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "जिलेटिन असतं त्यात, जनावराच्या हाडांचं," तो म्हणाला.

खरं सांगते, त्या क्षणी मी त्याच्या एक ठेवून दिली असती. ओठ पांढरे पडलेत, शब्द जड झालेत, आणि हा मला पाकिटामागचं बारीक अक्षर सांगतोय. "अरे मरशील," मी म्हटलं. "इथे, ह्या कुंपणाला टेकून मरशील. भावनाला काय सांगू मी?"

"मी नाही," तो म्हणाला. "मी मोडला तर आई जाईल गं."

मग तुटक तुटक, अर्धं मराठी, अर्धं पुटपुटणं, असं त्याने सांगितलं. विमलाबाईंची संकष्टी लग्नापासूनची. कडक. साबुदाण्याचा दाणासुद्धा नाही, चंद्र बघितल्याशिवाय घास नाही. झटका आला आणि डॉक्टरांनी उपास बंद केला. हा त्यांच्या कॉटशेजारी बसला होता. उशिरा पोचलेला मुलगा, सगळं बहिणीने केलेलं, ह्याच्या हाताला करायला काहीच उरलेलं नाही. तेव्हा त्याने आईचा चांगला हात हातात घेऊन सांगितलं, आई, तुझा उपास मी घेतला, खंड पडू देणार नाही. आणि त्यानंतर त्या सावरल्या. तेव्हापासून हा दर संकष्टीला ब्रिस्टलमध्ये चंद्राची वाट बघत बसतो. इथे उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड, चतुर्थीचा चंद्र उगवायला मध्यरात्र, आणि त्यावर ढग. ह्या सगळ्यातला एक शब्द गंधारला किंवा मला माहीत नव्हता.

त्याची मान एका बाजूला कलायला लागली. गंधार त्याच्या गालावर थापट्या मारत होता आणि माझ्याकडे बघत होता. देव, व्रत ह्यांतलं मी काही करत नाही, माझ्या सासूबाई त्यावरून कायम नाराज असायच्या. पण तेव्हा जे सुचलं ते मी केलं. मी श्रीनिवासचा हात माझ्या हातात घेतला, घट्ट.

"ऐक माझं. तू आईचा उपास घेतलास ना? तसा आता मी तुझा घेतला. आजची संकष्टी माझी. चंद्र मी बघेन."

त्याने डोळे अर्धवट उघडले. "तू स्कोन खाल्लास."

"आतापासून धर. खंड पडत नाही. आणि हे औषध आहे. औषधाने उपास मोडत नाही, तूच म्हणालास. उघड तोंड."

मग त्याचे ओठ जरासे विलग झाले. मी लाल बाहुली आत सारली. चावायला सांगितलं. मग पिवळी, मग हिरवी. एकेक चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते, कारण माझा दुसरा हात त्याने सोडला नव्हता.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो बसता झाला होता. पॅरामेडिकने बोटाला टोचून साखर बघितली आणि आम्हाला आकडा सांगितला नाही, लगेच त्याच्या तोंडात गोड जेल पिळलं. म्हणाला, ह्या गोळीचा असर लांबतो, वर आलेली साखर परत खाली जाईल, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल. गंधार सायकलींपाशी थांबला, मी श्रीनिवासबरोबर गेले. वाटेत भावनाला फोन लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटायचं उपासाच्या दिवशी तो गोळी घेत नसेल. निघते मी."

मला वाटलं, सुटलो. कसले सुटलो. वॉर्डात नर्सने त्रिकोणी डब्यातलं चीज-टोमॅटोचं सँडविच आणून दिलं. गोड खाऊन भागणार नाही, पोटात काहीतरी टिकणारं जायला हवं, म्हणाली. श्रीनिवास आता पूर्ण शुद्धीवर होता. त्याने तिला थँक यू म्हटलं, डबा मांडीवर ठेवला आणि उघडला नाही.

"खा," मी म्हटलं.

"मगाशी खाल्लं ते औषध होतं. हे अन्न आहे."

"उपास माझ्याकडे आहे."

"मालविका, तू माझ्यासाठी केलंस ते मी विसरणार नाही. पण तो तसा घेता येत नाही. तू स्कोन खाल्ला होतास."

मी नर्सकडे पाहिलं. ती पुन्हा टोचून साखर बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. उतरतेय, ती म्हणाली. खात का नाहीत ते? नाही खाल्लं तर शिरेतून ग्लुकोज द्यावं लागेल.

"चालेल," श्रीनिवास शांतपणे म्हणाला. "सलाईन औषध आहे."

आता मात्र माझा तोल गेला. हळू आवाजात गेला, कारण शेजारच्या कॉटवर एक आजोबा झोपले होते. "आज सलाईन. पुढच्या चतुर्थीला? घरी एकटा असशील तेव्हा? गाडी चालवत असशील तेव्हा?"

"पुढच्या वेळी गोळी नाही घेणार."

"मग साखर चढेल. मग पाय जातील, डोळे जातील. आश्लेषाने दोघांचं करायचं का?"

हे लागलं त्याला. पण त्याने डबा उघडला नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "मी तिच्यासाठी दुसरं काहीच करू शकलो नाही गं. हे एकच करतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आश्लेषाचा व्हिडिओ कॉल. त्याचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. जेली बेबी खाऊन तीन तासही झाले नव्हते. त्याने फोनला हात लावला नाही, मी उचलून त्याच्यासमोर धरला.

सांगलीत तिन्हीसांजा झाल्या होत्या. "दादा, अरे दर संकष्टीला ह्या वेळी तूच करतोस ना," आश्लेषा म्हणाली, "आज केला नाहीस म्हणून आई दाराकडे बघत बसलीय. आणि हे कुठे आहेस तू?"

"सांगतो," तो म्हणाला. श्वास सोडला त्याने. "आधी आईला दे."

विमलाबाईंना मी पहिल्यांदा बघत होते. उशीला टेकून बसलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. मुलगा दिसताच त्यांनी डावा हात कष्टाने वर उचलला. बोटं एकत्र आली. हात तोंडापर्यंत गेला, थोडा खाली आला, पुन्हा तोंडापर्यंत गेला. घशातून एक आवाज आला, त्यात शब्द नव्हता.

श्रीनिवासने लगेच डोळे मिटून मान वाकवली. सवयीने, दर वेळी वाकवत असणार तशी. "बघ," मला म्हणाला, "दर संकष्टीला मला असा आशीर्वाद देते."

मी त्या हाताकडे बघत होते. पाच बोटं मिटलेली, अंगठा पुढे. माझ्या आईचा हात असाच यायचा, मी माझ्या मुलांपुढे असाच नेला, दोन-तीन तासांपूर्वी डोंगरावर ह्याच्या तोंडापुढेही असाच नेला होता.

"श्रीनिवास," मी म्हटलं, "डोळे उघड आणि नीट बघ. तो आशीर्वाद नाही, गाढवा. ती तुला जेव म्हणतेय."

त्याने वर पाहिलं. तिकडे आश्लेषाने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "दादा, मी तुला म्हटलं होतं रे एकदा, तिला हे आवडत नाहीये. तू म्हणालास, तिचा जीव आहे त्या उपासात. संकष्टीला ती रात्री झोपत नाही. मला वाटतं, तू जेवलास की नाही ह्याचीच वाट बघत असते."

विमलाबाईंचा हात अजून वरच होता. थकला होता, कोपरापासून कापत होता, पण त्या तो खाली घेत नव्हत्या. बोटं मिटायची, तोंडापर्यंत जायची, परत यायची. दिवाळीपासून ही बाई दर संकष्टीला आपल्या मुलाला घास भरवत होती आणि तो नमस्कार करून फोन ठेवत होता.

श्रीनिवासने डबा उघडायचा प्रयत्न केला. बधिर बोटांना ते प्लास्टिक निघेना. मी काढून दिलं. त्याने सँडविचचा एक तुकडा उचलला, फोनसमोर धरला आणि आईकडे बघत बघत खाल्ला. चावत होता आणि रडत होता, दोन्ही लहान मुलासारखं.

"जेवलो, आई," तो म्हणाला.

तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला. चेहऱ्याची चांगली बाजू हलली. मग त्यांची नजर सरकून माझ्यावर आली.

"ही मालविका," श्रीनिवास नाक पुसत म्हणाला. "माझा उपास आज हिने घेतलाय. हिला चंद्र बघायचाय."

विमलाबाईंनी मला जरा वेळ न्याहाळलं. मग तोच हात त्यांनी पुन्हा उचलला, बोटं मिटली आणि तोंडाकडे नेली. मी डब्यातला उरलेला तुकडा उचलला आणि खाऊन टाकला.